बोकडाची फुगवण : निफाड तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

२० मे २०२५ ची दुपार. फोन शेतकऱ्याचा नव्हता, त्याच्या आईचा होता. "डॉक्टर, बोकडं पाणी लई पित्यात आन रातभर मुतत्यात. गोठ्यात पाय ठेवायला कोरडी जागा राहत नाही. एकदा येऊन जा. पण मी बोलावलं हे पोराला सांगू नका."

गोठा निफाड तालुक्यातला आहे. शेतकऱ्याचं नाव मी देत नाही आणि गावाचंही नाही, कारण त्याने केलं ते करणारा तो एकटा नाही. अवकाळी आणि गारपिटीला कंटाळून त्याने दोन एकर द्राक्षबागेतली एक एकर काढली, तिथे लोखंडी अँगलचं शेड उभं केलं आणि बंदिस्त शेळीपालन सुरू केलं. शेळ्या थोड्या, बोकड जास्त. बाजारातून आठ-नऊ महिन्यांचे बोकड आणायचे, मका, मुरघास, तुरीचं भुसकट आणि खुराक घालून दोन दाती होईपर्यंत, म्हणजे पुढचे दोन पक्के दात येईपर्यंत, वाढवायचे आणि बकरी ईदला नाशिक-मालेगावच्या गिऱ्हाइकांना द्यायचे. यंदा बावीस बोकड होते, बरेचसे सिरोही, थोडे संगमनेरी. ईद ७ जूनला होती आणि अर्ध्याहून जास्त बोकडांचा विसार त्याने घेऊन ठेवला होता.

शेडमध्ये शिरल्यावर पहिली नजर सुखावली, हे खरं सांगतो. पंधरा बोकड असे होते की बाजारात माणसं थांबून बघतील. भरलेल्या मांड्या, रुंद पाठ, गोल पोट. उरलेले सात त्यांच्यापुढे किरकोळ वाटत होते. एक बोकड मात्र कोपऱ्यात मान टाकून उभा होता, श्वास जलद चालला होता आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती.

जबड्याखाली पाणी दिसलं की आमचा पहिला संशय जंतांवर जातो. हिमोंकस नावाचा जंत जठरात बसून रक्त पितो, रक्तातली प्रथिनं घटतात आणि पाणी जबड्याखाली उतरतं. मी त्याची खालची पापणी उलटून पाहिली. जंत असते तर ती पांढरीफटक दिसली असती. चांगली गुलाबी होती. मग धडधाकट दिसणाऱ्या दुसऱ्या एका बोकडाच्या मागच्या पायावर अंगठा दाबून धरला, दहा आकडे मोजले आणि उचलला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतवावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. तिसऱ्याला दाबून पाहिलं, चौथ्याला पाहिलं. त्या पंधरांमधल्या बहुतेकांच्या अंगात पाणी भरलं होतं. सात किरकोळ बोकडांच्या अंगावर एकही खळगा पडला नाही.

"दादा, यांना काय देताय?"

"काही नाही साहेब. थोडं ताकदीचं देतो."

"दाखवा की."

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. शेडच्या तुळईवर ठेवलेला द्राक्षाचा जुना क्रेट खाली काढला. आत वीस-बावीस रिकाम्या आणि पाच-सहा भरलेल्या बाटल्या होत्या. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, तेही माणसांसाठीचं. सोबत एक चंदेरी पाकीट, त्यावर पिळदार बैलाचं चित्र, आत पिवळसर भुकटी. पाकिटावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना घटक, ना बॅच नंबर. मोटारसायकलवर फिरणारा एक जण दोन्ही वस्तू देऊन जायचा. त्याचं सांगणं होतं, दर चौथ्या दिवशी इंजेक्शन, महिना-दीड महिन्यात बोकड तयार. भुकटी नवीन होती, ती चारच बोकडांना सुरू केलेली.

शवविच्छेदन

कोपऱ्यातला बोकड पहाटे मेला. सकाळी बांधावरच्या बाभळीखाली मी त्याला उघडला. शेतकऱ्याला शेजारी उभं राहायला सांगितलं, कारण हे त्याने डोळ्यांनी पाहणं मला गरजेचं वाटत होतं.

कातडी सोलताना सुरी ओली होत होती. कातडीखाली चिकट, पारदर्शक पाणी साचलेलं. मांडीचा स्नायू कापला तर रंग फिका आणि हाताला ढिला. फुप्फुसांचे पुढचे भाग काळजासारखे घट्ट झालेले, दाबल्यावर पू आला. हा न्यूमोनिया. एरवी एवढ्या तरण्या, पोसलेल्या बोकडाने तो अंगावर काढला असता, निदान दोन-तीन दिवस ताप आणि खोकला तरी दाखवला असता. यातलं काहीच कोणाला दिसलं नव्हतं. नंतर मी मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या. दोन्ही वाळल्यासारख्या लहान, कापल्यावर बाहेरचा थर कागदासारखा पातळ. तिथे मला उत्तर मिळालं.

त्या बाहेरच्या थरात शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवतं. डेक्सामेथासोन हे त्याचंच माणसाने बनवलेलं, कितीतरी जास्त जोरकस रूप. ते बाहेरून सतत मिळू लागलं की ग्रंथी काम थांबवते आणि आटत जाते. दुसरीकडे औषध आपलं काम करत राहतं. भूक वाढते, पाणी अंगात धरून ठेवलं जातं, चरबी साठते, स्नायूंतली प्रथिनं झिजतात आणि रोगाशी लढणारी यंत्रणा दबून जाते. ताप येत नाही, कारण ताप आणणारी प्रक्रियाच दाबली गेलेली असते. वरून बोकड भरतो आणि आतून पोखरला जातो.

नमुना प्रयोगशाळेत पाठवून अवशेष मोजले नव्हते, हे इथेच नमूद करतो. माझं निदान अधिवृक्क ग्रंथी, अंगावरचे खळगे, भरमसाठ लघवी, रिकाम्या बाटल्या आणि शेतकऱ्याची कबुली यांवर उभं आहे. उपचार ठरवायला तेवढं पुरेसं होतं. न्यायालयात पुरलं नसतं, आणि या प्रकरणातली खरी अडचण तिथूनच सुरू होते.

"द्राक्षाला देतो तेच ना?"

हात धुताना शेतकरी जे बोलला त्यावर मी नंतर बरेच दिवस विचार केला. "साहेब, द्राक्षाला जीएचं डिपिंग देतो. तेही हार्मोनच. मणी फुगतो, माल युरोपला जातो, कोणी विष म्हणत नाही. बोकडाला फुगवण दिली तर एवढं काय बिघडलं?"

याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं सोपं होतं. पण हा माणूस अडाणी नाही. जिब्रेलिक ॲसिडचा, म्हणजे जीएचा, डोस पीपीएममध्ये मोजणारा, घड बुडवण्याची वेळ मण्यांच्या मिलिमीटरवर ठरवणारा हा बागायतदार आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडमध्ये 'संजीवक' हा शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. त्याच्या डोक्यात वाढीचं संप्रेरक म्हणजे शेतीतलं एक साधन, आणि हे साधन नीट वापरायला तो वीस वर्षं शिकला आहे. म्हणून त्याला उत्तरही नीटच द्यायला हवं होतं.

पहिलं म्हणजे, 'हार्मोन' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. मांसासाठीच्या गुरांना जगात जी संप्रेरकं उघडपणे दिली जातात ती बहुतेक लैंगिक संप्रेरकं किंवा त्यांची नक्कल असते. अमेरिकेत अशी सहा चालतात: इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, ट्रेनबोलोन, झेरानॉल आणि मेलेंजेस्ट्रॉल. शेवटचं खाद्यातून देतात, बाकीची गोळी कानाच्या कातडीखाली बसवून. कानच का? कान मांस म्हणून विकला जात नाही, म्हणून. यांतून खरोखर स्नायू वाढतो. दुसरी गोष्ट खुद्द वाढीचं संप्रेरक. ते प्रथिन आहे, खाद्यात घातलं तर पोटात पचून जातं. आणि तिसरी, या गोठ्यातली, कॉर्टिकोस्टेरॉइड. हे औषध आहे, आणि चांगलं औषध आहे. शॉकमध्ये, किटोसिसमध्ये, जबर सुजेवर मी स्वतः ते वापरतो. पण त्याने स्नायू वाढत नाही. बोकडाच्या अंगावर चढतं ते पाणी आणि चरबी. जीएने मणी खरंच मोठा होतो. इथे गिऱ्हाइकाला मटणाच्या भावात पाणी विकलं जातं.

नाशिकच्या एका जुन्या खाटकाने मला एकदा सांगितलं होतं, "डॉक्टरसाहेब, असला बोकड टांगला की खाली पाणी ठिबकतं, आणि मटण पातेल्यात अर्धं होतं. गिऱ्हाईक मला शिव्या देतं." त्याला डेक्सामेथासोन हा शब्द ठाऊक नव्हता, पण निदान त्याचं बरोबर होतं.

(कोंबडीबद्दल प्रत्येक गोठ्यात विचारतात म्हणून इथेच सांगून टाकतो. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात ही समजूत चुकीची आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ चा वाण आणि २००५ चा वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. ५६ दिवसांत जुना साधारण ९०० ग्रॅमचा झाला, नवा ४.२ किलोचा. फरक पैदाशीतला होता. कोंबडीतला खरा प्रश्न वाढीसाठी खाद्यातून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा आहे. त्यातलं कोलिस्टिन, जे माणसांसाठी अखेरच्या आधाराचं औषध आहे, केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला बंद केलं.)

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं होतं. द्राक्षातलं संजीवक 'चालतं' कारण त्याच्या पाठीमागे नियमांची, मर्यादांची आणि तपासणीची अख्खी साखळी आहे. ती कशी तयार झाली ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या संजीवकाचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतल्या लिहोसिनचे, अवशेष युरोपात आपल्या द्राक्षांत सापडले आणि माल अडकला. ते वर्ष नाशिकमधला एकही निर्यातदार विसरलेला नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "लिहोसिनचं वर्ष आठवतं ना?" तो गप्प झाला.

मांसाच्या बाबतीत युरोपने हा धडा आधीच घेतला होता. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत १९५४ पासून गुरांना दिलं जात होतं. गर्भारपणात ज्या बायकांना डॉक्टरांनी तेच औषध म्हणून दिलं होतं, त्यांच्या मुलींमध्ये एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचं १९७१ मध्ये समोर आलं. १९७९ मध्ये अमेरिकेने गुरांतला वापर बंद केला. १९८० मध्ये इटलीत वासराच्या मांसापासून बनवलेल्या बाळांच्या अन्नात डीईएस सापडलं आणि लोकांनी ते मांसच घ्यायचं सोडलं. त्यानंतर युरोपने वाढीसाठी संप्रेरकं वापरायला बंदी घातली आणि १ जानेवारी १९८९ पासून तसं मांस बाहेरून आणायलाही. अमेरिका आणि कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. जगाचं यावर एकमत नाही हे मला मान्य आहे. पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंकडे एक गोष्ट आहे: जनावराला काय दिलं याची नोंद. आमच्या गोठ्यात नव्हती ती हीच.

कायदा कुठे सुरू होतो, कुठे संपतो

त्या रात्री घरी येऊन मी कायदे काढून बसलो. मला एक साधा प्रश्न सोडवायचा होता: हे चौदा बोकड ईदला विकले गेले तर कोण अडवू शकतं?

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ चं कलम २१ सांगतं की ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पशुऔषधांचे किंवा प्रतिजैविकांचे अवशेष कोणत्याही अन्नपदार्थात नसावेत. वाचून धीर आला. पण त्याच कायद्यात अन्नाची व्याख्या करताना पशुखाद्य आणि जिवंत जनावरं वगळली आहेत, माणसाच्या खाण्यासाठी बाजारात आणायला ती तयार केली जाईपर्यंत. आणि कलम १८ चं तिसरं उपकलम शेतकरी, त्याचं शेतीचं काम, त्याचं पशुधन आणि त्यासाठी वापरली जाणारी साधनं यांना कायद्याच्या बाहेरच ठेवतं. या सवलतीमागचा हेतू मला पटतो. चार शेळ्या पाळणाऱ्या बाईला परवाने आणि नोंदणीच्या फेऱ्यांत अडकवू नये, हे बरोबरच आहे. पण परिणाम असा की अन्नाचा कायदा मटणाच्या दुकानापाशी जागा होतो आणि तोवर बोकडाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मग औषधांचा कायदा, १९४० चा. डेक्सामेथासोन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. औषध नियमांतल्या नियम ९७ मध्ये २०१२ साली एक फार मोलाची भर पडली: खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधावर, शेवटच्या डोसानंतर किती दिवस त्या जनावराचं दूध, अंडी, मांस वापरू नये हे छापलंच पाहिजे. त्या औषधासाठी असा काळ शास्त्रशुद्ध ठरलेला नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस, दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस. द्राक्षवाल्यांच्या भाषेत हा जनावरांचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस. पण क्रेटमधल्या बाटल्या माणसांच्या. त्यांच्यावर जनावराचा उल्लेखच नाही, मग दिवस कुठून छापणार? शेतकऱ्याने लेबल वाचलं असतं तरी त्याला २८ हा आकडा सापडला नसता.

तिसरा टप्पा कत्तलखान्याचा. २००१ च्या नियमांनुसार तिथे पशुवैद्यकाने प्रत्येक जनावर तपासायचं असतं, तासाला १२ पेक्षा जास्त नाही आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त नाही. चांगला नियम आहे. पण डोळ्यांची तपासणी आजारी जनावर शोधते, आणि हे बोकड रांगेतले सगळ्यांत देखणे बोकड ठरले असते.

म्हणजे औषधाचा कायदा काउंटरवर संपतो, अन्नाचा कायदा दुकानात सुरू होतो आणि मधले पन्नास-साठ दिवस, जेव्हा बोकड गोठ्यात उभा राहून सगळं अंगात घेत असतो, ते कोणाच्याच वहीत नसतात. आपल्या शेजारच्या बांगलादेशात ईदपूर्वी गुरांना हीच डेक्सामेथासोनसारखी औषधं देऊन फुगवण्याचा प्रकार फार बोकाळला होता. तिथे २०१० च्या पशुखाद्य कायद्यात खाद्यातली संप्रेरकं, स्टेरॉइड आणि प्रतिजैविकं नावानिशी बंद केली आहेत. निव्वळ कायदा केल्याने गोठे सुधारतात असं मी म्हणणार नाही. पण गोठ्यापर्यंत पोचणारं एक तरी वाक्य तिथे लिहिलेलं आहे.

खाणाऱ्याला यातून किती धोका, हेही न वाढवता सांगायला हवं. एका वाटीभर रश्श्याने कोणी आजारी पडणार नाही. पण डेक्सामेथासोन तोंडावाटे घेतलं तरी काम करतं, म्हणूनच त्याच्या गोळ्या असतात, आणि युरोपने मांसातली त्याची मर्यादा किलोमागे ०.७५ मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवली आहे. त्यात आपल्याकडे इंजेक्शन मांडीत देतात. जिथे सुई जाते तिथे औषध सगळ्यांत जास्त राहतं, आणि मांडीचंच मटण पोरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला काढून ठेवलं जातं. वाढीच्या औषधांनी माणसं ताबडतोब आजारी पडल्याचं उदाहरणही आहे: १९९० मध्ये स्पेनमध्ये क्लेनब्युटेरॉल दिलेल्या गुरांचं काळीज खाऊन १३५ माणसांना विषबाधा झाली. पाकिटातल्या भुकटीत काय आहे हे कळत नसताना मला ती घटना सारखी आठवत होती.

अठरा दिवस

निर्णय एका बैठकीत झाला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: ईदला बोकड नगावर जातो, नंतर किलोवर. नगाचा भाव गेला की खाद्याचं कर्ज फिटत नाही. विसार परत करायचा तर पैसे खुराकात गेलेले. मी त्याला २८ दिवसांचा हिशेब मांडून दाखवला. शेवटचं इंजेक्शन १७ मेला झालं होतं. आत्ता बंद केलं तरी १४ जून उजाडतो. आणि आत्ता एकदम बंद करताही येत नव्हतं. ग्रंथी आटलेली असताना बाहेरचा पुरवठा तोडला तर बोकड उन्हात, गाडीत, बाजाराच्या गर्दीत कोसळला असता. म्हणून मी डोस टप्प्याटप्प्याने उतरवत २९ मेला शेवटचा दिला. २८ दिवस म्हणजे २६ जून.

कोंडी फोडली ती त्याच्या आईने. ओट्यावर डाळ निवडत ती सगळं ऐकत होती. "ज्यांनी पैसे दिलेत त्यांना बोलव ना. खोटं बोलून देवाला द्यायची वस्तू देऊ नये. त्यांचा देव असला म्हणून काय झालं."

दोन दिवसांनी मालेगावहून एक वयस्कर चाचा आणि त्यांचा पुतण्या आले. सर्वांत जास्त विसार त्यांचाच होता. मी काही सांगायच्या आधी चाचांनी बोकडाचा ओठ उचलून दोन दात पाहिले, कान पाहिले, पाय उचलून खूर पाहिले. कुर्बानीचं जनावर आजारी, लंगडं, डोळ्याने अधू चालत नाही, म्हणून ही तपासणी ते किती मन लावून करतात ते मी वर्षानुवर्षं बघत आलोय. मग मी त्यांचा अंगठा धरून बोकडाच्या मांडीवर दाबला. खळगा त्यांनी पाहिला. बराच वेळ बघत राहिले. मग शेतकऱ्याला म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगितलं, हे बरं केलं. नसतं सांगितलं तर गुन्हा माझ्या गळ्यात आला असता." त्यांनी सातांपैकी तीन बोकड घेतले, त्या किरकोळ दिसणाऱ्यांतले. उरलेला विसार पुढच्या वर्षावर ठेवला. बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी पैसे परत मागितले, ते शेतकऱ्याने आईच्या बचत गटातून उचलून दिले. एकाने रागाने बरंच सुनावलं. त्याचं सुनावणं योग्यच होतं.

चौदांपैकी भुकटी न दिलेले दहा बोकड २६ जूनपर्यंत गोठ्यात राहिले. मी दर आठवड्याला काट्यावर वजन घेत होतो. सगळ्यांत मोठा मेमध्ये ४१ किलोचा होता, जूनअखेर साडेछत्तीसवर आला, तेही रोज खुराक खाऊन. गेलेले साडेचार किलो म्हणजे अंगातलं पाणी. या काळात एकाला न्यूमोनिया झाला, तो उपचाराने वाचला. त्याला दिलेल्या प्रतिजैविकाचे दिवस पुन्हा वेगळे मोजावे लागले आणि तो आणखी उशिरा गेला. बाकीचे आखाडात, किलोच्या भावाने गेले. आषाढ लागला तोच मुळी २६ जूनला, आणि श्रावण बसेपर्यंत मटणाला उठाव होता, एवढं नशीब.

बाटली आणि वही

भरलेल्या बाटल्यांचे बॅच नंबर मी उतरवून घेतले आणि संबंधित कार्यालयाला लेखी कळवले. शेतकऱ्याकडे बिल नव्हतं, मोटारसायकलवाल्याचा फोन लागत नव्हता. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा इतिहास म्हणूनच मला इथे महत्त्वाचा वाटतो. अंजनेरीच्या कड्यावर ज्यांची घरटी आहेत त्या लांब चोचीच्या गिधाडांना मेलेल्या गुरांतल्या याच औषधाने मारलं. २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून गोठ्यात येतच राहिलं. अखेर २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिच्या एका डोसापुरतं करावं लागलं. जनावरांचं औषध आवरायचं तर माणसांच्या औषधांचं दार बघावं लागतं, हे तिथे सिद्ध झालं. डेक्सामेथासोनच्या बाटल्या आधीच दोन-दोन मिलिच्याही मिळतात, त्यामुळे बाटली लहान करून भागणार नाही. एका माणसाला, चिठ्ठीशिवाय, क्रेटभर बाटल्या ज्या बिलावर किंवा बिलाशिवाय जातात, ती विक्री धरली पाहिजे.

आणि दुसरं टोक गोठ्यातलं. याच शेतकऱ्याच्या घरात, देवघराशेजारच्या फळीवर, द्राक्षाच्या फवारणीच्या डायऱ्या वर्षवार रचून ठेवल्या होत्या. दिनांक, औषध, प्रमाण, कारण, पीएचआय. एकही रकाना रिकामा नाही, कारण निर्यातीचा माल घेणारा त्या बघितल्याशिवाय घड तोडू देत नाही. ग्रेपनेटची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदीची, पद्धत २००६ पासून त्याच्या अंगवळणी पडलेली. त्याच माणसाने बावीस बोकडांसाठी एक ओळ लिहिली नव्हती, कारण बोकड घेणारा दात पाहतो, पाठ चाचपतो, पण काय टोचलं ते विचारत नाही. मला वाटतं जनावरांच्या बाजारात, कत्तलखान्याच्या दाराशी, शेवटच्या २८ दिवसांची नोंद मागायला सुरुवात केली तर नाशिकचा शेतकरी ती एका हंगामात लिहायला लागेल. त्याला लिहिता येतं. त्याला दिवस मोजता येतात. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक येतोच आहे, त्याच्यासमोर एक ओळ हवी.

जुलैत गेलो तेव्हा त्याने मला एक डायरी दाखवली. द्राक्षाचीच, अर्धी कोरी राहिलेली. 'प्लॉट क्रमांक' खोडून तिथे 'बिल्ला' लिहिलं होतं आणि खाली एकवीस बोकडांचे क्रमांक. पीपीआर या शेळ्यांच्या रोगाची लस, जंतनाशक, मी दिलेली औषधं, प्रत्येकासमोर दिनांक आणि दिवस. चाचांच्या पुतण्याने येऊन त्यांच्या तिघांच्या ओळींचे फोटो काढून नेले होते.

चार ओळी मात्र अपुऱ्या होत्या. भुकटी खाल्लेले ते चार बोकड अजून शेडच्या टोकाच्या कप्प्यात उभे होते, विकलेले नव्हते. औषधाच्या रकान्यात त्याने 'बैलाचं पाकीट' असं लिहिलं होतं आणि रिकामं पाकीट चपटं करून त्याच पानाला स्टेपल केलं होतं. "साहेब, यांच्या पीएचआयच्या रकान्यात काय लिहू?" त्याने विचारलं. ज्या औषधाला नावच नाही त्याचे दिवस मोजता येत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि रकाना तसाच ठेवला.